गिरवणं आणि सोडवणं : बर्नस्टाइनचा हातोडा आणि आपला व्यायामाचा कागद

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने व्यायामावर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. पण आजचा विषय मुळात एका जुन्या तात्त्विक प्रश्नाचाच आहे. एखादी कृती 'पुन्हा' करणं म्हणजे नेमकं काय? काल घातलेली बैठक आणि आज घातलेली बैठक एकच का? आणि एक नसेल, तर रोज बैठका घालून आपण कमावतो काय?

हा प्रश्न हवेतला नाही. गुडघा, खांदा, कंबर, यांतलं काही ना काही घेऊन आपल्यातले बरेच जण फिजिओथेरपीला जाऊन आले असतील. घरी येताना हातात एक कागद असतो. त्यावर सहा-सात रेखाचित्रं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबा, पाय सरळ उचला, दहा आकडे मोजा, खाली ठेवा. शेजारी लिहिलेलं : १० वेळा, दिवसातून ३ दा. फिजिओताई पेनाने दोन चित्रांवर फुली मारतात, एकाभोवती गोल काढतात. झाला कागद 'खास आपल्यासाठी'.

अलीकडे या कागदावर बरीच टीका होते. टीकाकारांचे दोन आवडते शब्द आहेत : व्यायाम 'व्यक्तिगत' हवा आणि 'वैविध्यपूर्ण' हवा. मोबाइलवरच्या अ‍ॅपपासून जिमच्या फलकापर्यंत हे शब्द जोडीने फिरतात, जणू एकाच गोष्टीची दोन नावं. माझं आजचं म्हणणं असं की या दोन वेगळ्या मागण्या आहेत. एक पुरी झाली म्हणून दुसरी पुरी होत नाही. आणि दोन्ही पुऱ्या झाल्या तरी एक तिसरा प्रश्न शिल्लक राहतो, तो सहसा कुणी विचारत नाही. तिथवर पोचायला मी एका पुस्तकाचं बोट धरणार आहे, आणि शेवटी त्याच पुस्तकाशी थोडं भांडणारही आहे. पुस्तक आहे निकोलाय बर्नस्टाइन या रशियन शास्त्रज्ञाचं. विषय, आपण ज्याला अंगातली किंवा हातातली 'सफाई' म्हणतो ती. ती येते कुठून आणि वाढते कशी.

आधी प्रसंग समजून घेऊ. १९२० साली मॉस्कोत केंद्रीय श्रमसंस्था स्थापन झाली. तिचा प्रमुख अलेक्सेई गास्तेव हा कवी होता, आणि अमेरिकेतल्या टेलरच्या कार्यपद्धतीने भारलेला होता. कल्पना अशी, की प्रत्येक कामाची एक सर्वोत्तम हालचाल असते. ती शोधून काढायची आणि लाखो हातांत उतरवायची. छिन्नीवर हातोडा मारायला शिकवताना शिकाऊ कामगाराचा हात यंत्राने हलणाऱ्या हातोड्याला जोडत, म्हणजे लय आपोआप अंगात मुरेल.

१९२२ साली पंचविशीतला बर्नस्टाइन तिथे आला. शिक्षणाने डॉक्टर. त्याने कामगाराच्या सांध्यांवर छोटे विजेचे दिवे बसवले, कॅमेऱ्यापुढे फिरती झडप लावली आणि हाताची वाट फोटोत पकडून मोजली. हातोडा मारणारे नवशिके नव्हते, त्या कामात मुरलेले होते. अशा माणसाचा प्रत्येक घाव आधीच्या घावाची हुबेहूब नक्कल असेल, असं कुणालाही वाटेल. दिसलं ते वेगळंच. हातोड्याचं टोक घावागणिक पुष्कळच नेमाने जात होतं. पण खांदा, कोपर, मनगट मात्र दर वेळी थोड्या निराळ्या वाटेने जात होते. खांदा जरा पुढे सरकला तर कोपर सांभाळून घेई, कोपर चुकलं तर मनगट. घरात एक माणूस आजारी पडला की बाकीचे न सांगता त्याचं काम वाटून घेतात ना, तसं.

आता यातली गोम बघा. खांद्यापासून मनगटापर्यंत आपला हात सात स्वतंत्र प्रकारांनी हलू शकतो. शिवाय हाताचं वजन, आधीच्या हालचालीचा वेग, स्नायूंचा थकवा हे दर क्षणी बदलत असतात. मेंदूने तोच हुकूम दोनदा दिला तरी हात दोनदा तिथेच पोचणार नाही. म्हणजे मुरलेल्या कामगाराच्या डोक्यात साठवलेला तयार हुकूम नसणार; त्याच्याकडे आहे ती दर वेळी वाट काढण्याची शक्ती. यावरून बर्नस्टाइन सांगतो की सरावात आपण 'उत्तर' पुन्हापुन्हा लिहीत नसतो, गणित पुन्हापुन्हा सोडवत असतो.

मराठीत यासाठी दोन सुरेख क्रियापदं आहेत : गिरवणं आणि सोडवणं. मूल पाटीवर आधी काढून दिलेलं अक्षर गिरवतं. पण अक्षर 'आलं' असं आपण कधी म्हणतो? पाटीवरचं अक्षर पुसल्यावरही ते काढता येतं तेव्हा. पुढे तर गंमतच होते. तुमची सही कागदावर बोटांच्या हालचालीने होते. तीच फळ्यावर हातभर मोठी करायला सांगितली, तर बोटं जवळजवळ स्थिर राहतात आणि खांदा काम करतो. स्नायू वेगळे, सांधे वेगळे, तरी सही तुमचीच. बर्नस्टाइननेही हे दाखवलंय : एकच शब्द उजव्या हाताने, डाव्या हाताने, पायाने, अगदी दातांत पेन्सिल धरून लिहिला, तरी वळण ओळखू येतं. जे शिकलं गेलं ते स्नायूंच्या आकुंचनांच्या यादीहून वेगळं काहीतरी आहे.

या माणसाचं पुढे काय झालं तेही सांगतो, कारण त्याचा विषयाशी संबंध आहे. १९४७ साली हालचालींच्या घडणीवरचा त्याचा ग्रंथ आला, त्याला स्टालिन पारितोषिक मिळालं. मग वारं फिरलं. १९५० च्या सुमाराला पाव्हलॉवची शिकवण हाच अधिकृत मार्ग ठरला. पुनरावृत्तीने प्रतिक्षिप्त क्रियेची वाट मेंदूत पक्की होते, हे मानायचं. बर्नस्टाइनवर टीकेची झोड उठली, त्याचं प्रायोगिक काम बंद पडलं. सामान्य वाचकासाठी लिहून तयार असलेलं हे सफाईवरचं पुस्तक छापलंच गेलं नाही. १९६६ साली तो वारला. पुस्तक रशियन भाषेत आलं १९९१ साली, इंग्रजीत १९९६ साली. माणूस घोटून घडवता येतो असं ज्या व्यवस्थेला वाटतं, तिला हे पुस्तक अडचणीचंच वाटणार.

आता कारखान्यातून इस्पितळात येऊ, कारण आपला कागद तिथला आहे. दुसऱ्या महायुद्धात स्वेर्दलोव्स्कजवळच्या एका लष्करी इस्पितळात लिओन्तिएव आणि झापोरोझेत्स हे दोन मानसशास्त्रज्ञ जखमी सैनिकांच्या हातांवर काम करत होते. १९४५ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. त्यातलं एक निरीक्षण प्रत्येक फिजिओच्या भिंतीवर लावण्याजोगं आहे. सैनिकाला सांगितलं, 'हात जमेल तितका वर उचल.' तो एका उंचीपर्यंत गेला. मग सांगितलं, 'समोरच्या खुणेपर्यंत ने.' हात आणखी वर गेला. मग एखादी वस्तू घ्यायला सांगितली, तेव्हा त्याहूनही वर. हात तोच, जखम तीच, वेळही तीच. बदललं होतं फक्त काम.

यावरून 'किती अंश वर जातो' हा आकडा एकट्या खांद्याचा गुणधर्म नाही, हे लक्षात येईल. खांदा, माणूस आणि समोरचं काम या तिघांमधला तो व्यवहार आहे. आपला कागद मात्र काम पुसून टाकतो आणि नुसतं 'उचला' एवढंच ठेवतो. सैनिकाकडून सगळ्यांत कमी काढून घेणारी जी सूचना होती, तीच आपण कागदावर छापली.

इथे माझ्या विषयातल्या एका माणसाची आठवण होते. ऑक्सफर्डचा गिल्बर्ट राइल. १९४९ सालच्या मनावरच्या त्याच्या पुस्तकात त्याने कवायत आणि शिक्षण यांत फरक केलाय. कवायतीतून सवय लागते : पुढची कृती मागचीची नक्कल. शिक्षणातून बुद्धीचं कौशल्य येतं : पुढची कृती मागचीवरून काही शिकलेली. कवायतीत विवेकाची गरज संपत जाते, शिक्षणात तो जागा होतो. आपल्याकडचा 'तालीम' हा शब्द बघा. मूळ अरबी अर्थ 'शिकवणं'. आपण तो आखाड्याला लावला, आणि नाटकाच्या सरावालाही. दोन्ही ठिकाणी समोर दुसरा माणूस असतो आणि तो दर वेळी थोडा वेगळा वागतो, म्हणून दर वेळी काहीतरी सोडवावं लागतं.

प्रयोग काय सांगतात? १९७८ साली कर आणि बूथ या संशोधकांनी आठ वर्षांच्या मुलांना छोट्या पिशव्या लक्ष्यावर टाकायला दिल्या. एका गटाने फक्त ३ फुटांवरून सराव केला. दुसऱ्याने २ आणि ४ फुटांवरून. ३ फुटांवरून एकदाही नाही. परीक्षा घेतली ३ फुटांवरून, आणि दुसरा गट सरस ठरला. १९७९ साली शे आणि मॉर्गन यांनी हाताच्या तीन वेगवेगळ्या क्रिया शिकवल्या. एका गटाने पहिली संपवून दुसरी, दुसरी संपवून तिसरी केली; दुसऱ्याने तिन्ही मिसळून. सराव चालू असताना पहिला गट पुढे होता. दहा दिवसांनी तपासलं तेव्हा मिसळून शिकलेले पुढे होते.

हा दुसरा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो. सरावात जे छान दिसतं ते शिकणं असेलच असं नाही. एकच हालचाल ओळीने दहादा केली की दहावी सुरेख होते. रुग्ण खूश, फिजिओ खूश, तक्त्यात बरोबरची खूण. ती सफाई बुधवारी भाजीबाजारात टिकते का, हे त्या खुणेवरून कळत नाही. अर्थात एवढ्यावरून 'विविधता म्हणजे रामबाण' असं कुणी म्हणू नये. पुढच्या सगळ्या प्रयोगांत इतके ठसठशीत निकाल आलेले नाहीत. प्रयोगशाळेबाहेर, खऱ्या खेळांत, हा फरक बराच मवाळ होतो.

आता त्या दोन शब्दांकडे येऊ. आधी 'व्यक्तिगत'. ही कल्पना नवी नाही. सुश्रुताने व्यायामाची मर्यादा सांगितली ती 'अर्ध्या शक्तीपर्यंत'. अर्धी कुणाची? ज्याची त्याची. अ‍ॅरिस्टॉटल नीतिशास्त्रात मध्यममार्ग समजावताना मायलो पैलवानाचं उदाहरण देतो : जेवढं अन्न मायलोला कमी पडेल, तेवढंच तालमीत नव्याने आलेल्याला जास्त होईल. दोन्हीकडे व्यक्तिगत आहे ते प्रमाण. व्यायामाच्या बहुतेक अ‍ॅपचंही तेच : वय, वजन, नाडीचे ठोके घेऊन आकडा काढून देतात. कपडा मापाने शिवून मिळतो. घालून जायचं कुठे, ते शिंपी विचारत नाही.

व्यक्तिगत असूनही वैविध्य नसलेली, आणि तरीही थोर, अशी एक परंपरा आपल्या पुण्यातच उभी राहिली. बी. के. एस. अय्यंगार यांची. पट्टा, लाकडी ठोकळा, दोर, खुर्ची अशी साधनं वापरून त्यांनी ताठ झालेल्या, आजारी, म्हाताऱ्या शरीरांनाही आसन खुलं करून दिलं. प्रत्येकाचा आधार वेगळा. पण आसनाचा आकार? त्याबाबत तडजोड नाही. टाच कुठे, गुडघा कुठे, हे ठरलेलं. त्या शिस्तीत शरीराकडे बारीक लक्ष द्यायला माणूस शिकतो, हे मी कमी मानत नाही. पण वाट प्रत्येकाची निराळी असली तरी मुक्काम शिक्षकाने ठरवलेला असतो.

उलट बाजूला वैविध्य आहे, पण व्यक्ती नाही. जर्मनीत वोल्फगांग शोलहोर्न यांनी १९९९ पासून एक पद्धत मांडली. खेळाडूने कुठलीही हालचाल दोनदा तशीच करायची नाही. गोळा फेकताना कधी एक डोळा मिटून, कधी गुडघा वाकवून, कधी मान वळवून. या गोंधळातून शरीर स्वतःची वाट शोधेल. कल्पना धाडसी आहे, विचार करायला लावणारी आहे. पण त्यावरचे पुष्कळसे अभ्यास लहान गटांवरचे आहेत, आणि माझा आक्षेप त्याहून साधा आहे. फरक कुठला करायचा हे जर सोडतीने ठरवायचं, तर माणसाचा त्या फरकाशी संबंध काय? तोल जाईल या भीतीने जी बाई जिना उतरत नाही, तिला तिच्याच भीतीच्या कडेकडेने नेणारं वैविध्य हवं. सोडतीतली चिठ्ठी तिच्या उपयोगाची नाही.

कुणी म्हणेल, 'सर, एवढा काथ्याकूट कशाला? काहीही केलं तरी बरं वाटतंच की.' या आक्षेपात तथ्य आहे. जुनाट कंबरदुखीवर व्यायामाच्या २४९ चाचण्यांचा मोठा कॉक्रेन आढावा २०२१ साली आला. व्यायामाने दुखणं कमी होतं, असा त्याचा निष्कर्ष. फायदा मध्यम आहे, जादू नाही. म्हणजे छापील कागदावरचा व्यायाम नियमाने करणारा माणूस, आदर्श व्यायामाची वाट बघत खुर्चीत बसलेल्यापेक्षा नक्कीच शहाणा. शिवाय ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यांत ठरलेलं, मोजकं, तेच ते करणं गरजेचं असतं. टाके आणि हाड जुळत असताना प्रयोग करायचे नसतात. सरकारी दवाखान्यात रांग लागलेली असताना दर माणशी पंधरा मिनिटं मिळाली तरी खूप. छापील कागद फिजिओच्या आळसातून आलेला नाही. टंचाईतून आलेला आहे. त्याला हसणं सोपं आहे.

पण आता जे सांगतो त्याला पंधरा मिनिटांहून जास्त लागत नाहीत. बर्नस्टाइनशी माझं भांडण आहे ते इथे. सफाई म्हणजे कोणत्याही परिस्थितीत हालचालीचा प्रश्न नीट, चटकन आणि युक्तीने सोडवण्याची क्षमता, हे त्याचं म्हणणं मला मान्य. पण प्रश्न येतो कुठून? त्याच्या पुस्तकात तो आयता येतो. कारखाना देतो, मैदान देतं, लढाई देते. गास्तेवच्या यंत्रातून त्याने उत्तर सोडवून घेतलं, प्रश्न मात्र तिथेच ठेवला. कामगार हातोडा कसाही फिरवो. छिन्नीवर मारायचं की नाही, हे त्याला कुणी विचारलं नाही.

ही उणीव भरून काढतो तो जॉर्ज काँगिलेम हा फ्रेंच तत्त्वज्ञ. तो डॉक्टरही होता. १९४३ सालच्या वैद्यकातल्या प्रबंधात त्याने विचारलं, निरोगी म्हणजे सरासरीइतकं का? त्याचं उत्तर : नाही. आजारी माणसालाही आयुष्याचा एक नियम असतो, पण एकच. तो तेवढ्यातच तग धरतो. परिस्थिती जरा बदलली की कोलमडतो. निरोगी माणसाजवळ शिल्लक असते. वातावरणाची लहर सहन करण्याची, प्रसंगी स्वतःसाठी नवा नियम घालून घेण्याची. आजारपण म्हणजे ही शिल्लक आटणं.

या कसोटीवर आपला कागद धरा. गुडघा बदललेल्या एखाद्या आजींचा पाय ११० अंश वाकतो. तक्त्यात उत्तम. पण त्या फक्त घरातल्या गुळगुळीत फरशीवर, एकाच उंचीच्या खुर्चीवर, कठड्याचा तोच कोपरा धरून वावरतात. काँगिलेम म्हणेल, बऱ्या झाल्या नाहीत; आजारपणाला सुबक आकार आला. दुसऱ्या आजींचा पाय ९५ अंशच वाकतो, पण एसटीची उंच पायरी चढायची त्यांनी आपली एक तऱ्हा काढली आहे, देवळातल्या ओल्या फरशीवर पाय कसा टाकायचा ते त्यांना कळतं, आणि नातवाला उचलायचं नाही, त्याला खुर्चीवर चढवून मग कडेवर घ्यायचं, हेही त्यांनी स्वतः ठरवलंय. निरोगी कोण?

तर तिसरा प्रश्न हा : हालचालीचं गणित कुणी घातलं? 'व्यक्तिगत' म्हणजे माझ्या मापाचं, एवढाच अर्थ धरला तर मी गिऱ्हाईक होतो. 'वैविध्यपूर्ण' म्हणजे रोज नवं, एवढाच धरला तर करमणूक होते. प्रश्न माझ्या जगण्यातून आला, की हे दोन्ही शब्द भरून येतात. कारण माझं जगणं मुळातच दुसऱ्या कुणाचं नाही, आणि ते दोन दिवस एकसारखं कधीच नसतं. फिजिओचं ज्ञान त्यामुळे कमी होत नाही, उलट ते खऱ्या कामाला लागतं. कुठला प्रश्न आज झेपेल, कुठला महिन्याने, कुठला अजिबात नको, पडण्याचा धोका कुठे आहे, हे तिलाच ठाऊक असतं. प्रश्न सोपा कसा करायचा, म्हणजे खुर्चीवर एक उशी वाढवायची की दोन, हेही.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. कागद फाडू नका. त्याची मागची बाजू कोरी असते. पुढच्या वेळी जाण्यापूर्वी तिथे आपल्या हाताने तीन-चार ओळी लिहा. जमिनीवर बसून उठायचंय. माळ्यावरचा डबा काढायचाय. पावसात पायऱ्या उतरायच्यात. दिंडीबरोबर निदान गावाच्या वेशीपर्यंत चालायचंय. मग तो कागद फिजिओताईंपुढे मागच्या बाजूने ठेवा आणि विचारा, 'यातलं आज कुठून सुरू करू?' त्या पुढची चित्रं कदाचित तीच ठेवतील. पण आता ती कशासाठी आहेत, हे तुम्हा दोघांनाही माहीत असेल.

एवढं बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.